आईच्या अंगठीतला लाल खडा: माणिक, काच की आणखी काही?

रंगमास्तर_सोलापूर

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत सुताच्या डायहाउसमध्ये ३१ वर्षं रंगमास्तर होतो. चादरीचं, टॉवेलचं सूत रंगवायचं काम. आता घरीच असतो. गेल्या भाद्रपदात आई गेली. तिची एक सोन्याची अंगठी आहे, मागून बंद, वर एकच लाल खडा, लांबट गोल, करंगळीच्या नखाएवढा. वर्षातून एकदाच ती घालायची, संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत अक्षता सोहळ्याला जाताना. घरी आली की पाय धुवायच्या आधी अंगठी डबीत. ही तिला माझ्या आजीकडून आली. घरात सगळे "आजीचं माणिक" असंच म्हणत आले.

येत्या माघात भाचीचं लग्न आहे आणि अंगठी तिला द्यायची असं आई सांगून गेली. म्हटलं द्यायच्या आधी साफ करून घ्यावी, भाचीच्या मापाची करावी, आणि खडा नेमका काय आहे तेही विचारावं.

पहिल्या दुकानात हातातसुद्धा घेतली नाही. "काच आहे काका, सोन्याचं काय येतं ते सांगतो." दुसऱ्याने दिव्याखाली धरली आणि कमी प्रतीचं माणिक म्हणाला. आत्ता देत असाल तर थोडं वाढवून देतो, असंही म्हणाला. तिसऱ्याने अंगठी आतल्या खोलीत नेली. दहा-बारा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा खडा बटर पेपरच्या पुडीत आणि अंगठी रिकामी. मला न विचारता कड उचकटली होती. "इमिटेशन आहे, ४०० रुपयांत बसवून देतो." कोंदणाच्या तळाशी चंदेरी पातळ पत्रा होता, तो चुरगळलेला आणि काळा. मी काही बोललो नाही, दोन्ही उचलून घरी आलो. तेव्हापासून झोप नाही. खड्याची किंमत काय हा प्रश्न मागेच पडला. पुडीत आहे तो आईचाच खडा ना, हेच डोक्यात फिरतंय.

माझ्याकडे धागे मोजायचं पिक ग्लास आहे, त्यातून बघितलं. बुडबुडा एकही नाही. एका कडेला बारीक काळपट ठिपक्यांची ओळ आहे, अंगठ्याच्या ठशासारखी वळलेली. रंगाचं मात्र मी खात्रीने सांगू शकतो. शेड पास करताना आम्ही नमुना उत्तरेच्या खिडकीत बघतो, मग ट्यूबखाली, मग पिवळ्या बल्बखाली, कारण एका उजेडात जुळलेली शेड दुसऱ्यात फुटते. हा खडा खिडकीत लाल, किंचित गुलाबीकडे झुकलेला. ट्यूबखाली थोडा मंद पडतो. बल्बखाली पेटून उठतो, ओल्या कुंकवासारखा. तपकिरी झाक कुठल्याच उजेडात नाही.

डबीत मोडी लिपीतली एक चिठ्ठीही आहे. मला मोडी येत नाही, आकडा तेवढा १८५१ असा लागतो. फोटो जोडलाय.

विकायचा विचार नाही. खडा काय आहे हे कसं ओळखायचं, तो बदललेला नाही हे कळायला काही मार्ग आहे का, आणि भाचीच्या हातात देताना तिला काय जपायला सांगू, एवढं सांगा.

कोंदणकर

काका, मी सराफ बाजारात मधल्या मारुतीजवळ जडकाम करतो. वडीलही तेच करायचे. तुमच्याशी जे झालं ते आमच्या धंद्याला शोभणारं नाही. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय आणि त्याच्यासमोर असल्याशिवाय कोंदण उघडायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

तो पत्रा म्हणजे डांक. जुन्या कामात खड्याखाली डांक घालून मागून बंद करायचे. वरून गेलेला उजेड डांकेवर आपटून परत वर येतो आणि खडा जिवंत दिसतो. खडा फिका असला तर डांक लाल घालायचे, म्हणजे रंग भरल्यासारखा वाटायचा. तुमची डांक चंदेरी होती आणि खडा बाहेर काढल्यावरही तुम्हाला लाल दिसतोय. म्हणजे रंग त्याचा स्वतःचा आहे. ही खूण छोटी समजू नका.

आणखी एक सांगतो. त्या दुकानात डांक चुरगळली असेल, पण काळी त्या दिवशी झालेली नाही. डांकेला पाणी लागलं की ती हळूहळू काळी पडते, त्याला वर्षं लागतात. कधीतरी अंगठी धुतली गेली असणार. आपल्याकडे दागिने रिठ्याच्या पाण्यात उकळून घासायची पद्धत आहे. नुसत्या सोन्याला ती चांगली. मागून बंद असलेल्या जडावाच्या कामाला नाही. पाणी फटीतून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. आत लाख भरलेली असेल तर गरम पाण्याने तीही मऊ होते. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत असा दागिना ठेवू नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

अंगठी मापात करायची तर खडा बाहेर असतानाच करून घ्या. खड्यासकट ज्योत लावू देऊ नका, तेजाबात टाकू देऊ नका. आणि खडा घासून बघू का म्हणून कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा. पैलूच्या कडेला ओरखडा गेला की तो पुन्हा पैलू धरल्याशिवाय जात नाही, आणि पैलू धरला की वजन गेलं.

साखरपेठेतली_लेक

काका, मी मूळची सोलापूरची, आता मुंबईत रत्नपरीक्षणाचं काम करते. तुमचं वर्णन दोनदा वाचलं. रोज खडे बघणारी माणसंही उजेडाचं इतकं नेमकं सांगत नाहीत.

लाल खड्यात आपल्याकडे मुख्यतः चार गोष्टी येतात: माणिक, लालडी म्हणजे स्पिनेल, तामडा म्हणजे गार्नेट, आणि काच. पाचवी शक्यता प्रयोगशाळेत बनवलेल्या माणकाची. ऑगस्ट व्हर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक बनवायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हापासून बनावट माणिक बाजारात आहे. त्यामुळे दागिना शंभर वर्षांचा आहे एवढ्यावरून खडा खाणीतलाच असं ठरत नाही. ज्योतीतल्या माणकात भिंगाखाली वक्र रेषा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. कधी बुडबुडेही. तुम्हाला दिसली ती वळलेली ठिपक्यांची ओळ वेगळी. लालडीत अष्टफलकाच्या आकाराचे बारीक कण असतात, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडल्यासारखे, आणि ते पुष्कळदा अशाच ठशासारख्या ओळीत बसतात. माझं मन तिकडे जातंय. पण ओळखायला मोजमाप हवं, नुसत्या अंदाजावर जाऊ नये.

खडा सुटा झाला हे वाईट झालं, पण त्यामुळे मोजता येईल. विशिष्ट गुरुत्व म्हणजे खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा. माणकाचं ४.०० च्या आसपास, लालडीचं ३.६०. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागेल. ०.०१ ग्रॅमचा काटा इतक्या लहान खड्याला उपयोगाचा नाही, त्याच्या चुकीतच दोघांमधला फरक बुडून जातो. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी खड्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्याने भागायचं.

दुसरी चाचणी पोलरॉइड गॉगलची. खड्यामागे पांढरा उजेड ठेवा आणि गॉगलची काच खड्यासमोर हळूहळू फिरवा. माणकातून उजेड दोन वाटांनी जातो, त्यामुळे रंग जांभळट लाल आणि नारिंगी लाल असा हलतो. खडा दोन-तीन बाजूंनी धरून बघा, कारण एका ठरावीक दिशेने माणकातही रंग हलत नाही. लालडी, तामडा आणि काच यांच्यात कुठूनही हलणार नाही.

तिसरी अतिनील दिव्याची, नोटा तपासतात तसा दिवा चालेल, अंधारात. माणिक आणि लालडी दोघांनाही लाल रंग क्रोमियममुळे मिळतो. तोच क्रोमियम अतिनील उजेडात लाल चमकतो. तामड्यात लोह असतं, तो काळाच राहतो. चमकला म्हणून नैसर्गिक असं मात्र समजू नका, बनवलेलं माणिक तर जास्तच चमकतं.

या तिन्हीपैकी एकीने काही ठरत नाही. तिन्ही एकाच दिशेला गेल्या तर बोलता येईल.

मोडीवाचक

चिठ्ठी वाचली. घरच्यांची नावं इथे लिहीत नाही, तुम्हाला निरोपातून कळवतो. बाकीचा मजकूर असा: शके १८५१, माघ शुद्ध ५. आंगठी सोन्याची १. "लालडी नग १, गुंजा ६." खाली सोन्याचं वजन वेगळं आहे आणि घडणावळ.

तारीख म्हणजे वसंत पंचमी, १९३० च्या फेब्रुवारीची सुरुवात. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या तीन महिने आधी.

माणिक हा शब्द चिठ्ठीत कुठेच नाही. सोनाराने स्वच्छ लालडी लिहिलंय. आणि वजन लिहिलंय हे तुमच्या काळजीवर औषध आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. १२ माशांचा तोळा, ८ गुंजांचा मासा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. ६ गुंजा म्हणजे साधारण ०.७३ ग्रॅम. राशीच्या खड्याचे दुकानदार आज जी रत्ती म्हणतात ती याच्यापेक्षा मोठी, ०.१८ ग्रॅमच्या आसपास. तिने हिशेब करू नका, चिठ्ठीतलं वजन दीडपट निघेल, खडा कमी भरतोय असं वाटेल आणि उगाच घाबराल. खडा तोलून बघा.

रंगमास्तर_सोलापूर

मोडीवाचक, काय लिहू. चिठ्ठी माझ्या जन्माआधीपासून डबीत आहे आणि आम्ही कुणी ती कधी वाचून घेतली नाही.

काल जुन्या डायहाउसला जाऊन आलो. लॅब डिपसाठी, म्हणजे शेडचा छोटा नमुना रंगवून बघायला, रंग तोलायचा काटा आहे तिथे, मिलिग्रॅमचा, काचेच्या पेटीतला. माझ्यानंतर जो मुलगा मास्तर झाला त्याने दुपारच्या सुट्टीत काटा मोकळा करून दिला. खडा चिमट्याने ठेवला आणि पेटीची दारं लावली. आकडा थोडा वेळ खालीवर झाला आणि थांबला: ०.७३१.

पोरगा म्हणाला, "मास्तर, बसा." मी बसलो. आईचाच आहे.

मग पाण्यात. पहिल्यांदा ०.२१६ आला. भागाकार ३.३८, कशालाच लागू होईना. खडा बाहेर काढून नीट बघितलं तर दोऱ्याच्या गाठीला आणि खड्याच्या खालच्या बाजूला हवेचे बारीक मणी चिकटलेले. सुतात पाणी शिरत नाही तेव्हा आम्ही वेटिंग एजंट घालतो. त्याचा एक थेंब पाण्यात टाकला, खडा ब्रशने ओला केला, पुन्हा बुडवला. ०.२०३. तीनदा केलं, तीनदा तेच. ०.७३१ भागिले ०.२०३ म्हणजे ३.६०. माणिक असता तर ०.१८३ च्या जवळ यायला हवं होतं.

गॉगल जावयाचा होता. चार बाजूंनी धरून फिरवला, लाल कुठेही हलला नाही. शेड मॅचिंगच्या कॅबिनेटमध्ये अतिनील दिवा असतोच, पांढऱ्या सुतातली चमक बघायला. इतकी वर्षं तो दिवा रोज लावला, पण त्याखाली सुताशिवाय दुसरं काही ठेवलं नव्हतं. बाकीचे दिवे बंद केले आणि खडा ठेवला. आतून निखाऱ्यासारखा लाल झाला. राख झटकल्यावर निखारा दिसतो ना, तसा. आम्ही दोघंही बराच वेळ बघत उभे होतो.

ताई, आता तुम्हीच सांगा. आणि एक विचारतो. बहिणीला सांगितलं माणिक नाही, लालडी आहे, तर तिचा चेहरा उतरला. तिला काय सांगू?

साखरपेठेतली_लेक

काका, ताईंना सांगा की इंग्लंडच्या राजमुकुटात पुढच्या बाजूला जो मोठा लाल खडा आहे, सुमारे १७० कॅरेटचा, त्याला शेकडो वर्षं माणिक म्हणत आले आणि तो लालडी निघाला. "तैमूर रुबी" म्हणून जो खडा लाहोरच्या खजिन्यातून तिकडे गेला तोही लालडी, ३५२.५ कॅरेटचा. त्यावर जहांगीर आणि शहाजहान यांची नावं कोरलेली आहेत. मुघलांना हे खडे मध्य आशियातल्या बदख्शानातून यायचे आणि ते त्यांना फार प्रिय होते. माणिक आणि लालडी वेगळे आहेत हे युरोपात १७८३ मध्ये लिहिलं गेलं. सोलापूरच्या तुमच्या सोनाराने १९३० मध्ये गुंजेचा काटा आणि डोळा यांच्या जोरावर बरोबर नाव लिहिलं. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

तुमचे आकडे लालडीचेच आहेत. काही तामडे गुरुत्वात ३.६० च्या जवळ येतात आणि गॉगलमध्येही तसेच वागतात, पण ते असे चमकत नाहीत. काच गुरुत्वात काहीही येऊ शकते, पण काचेत तुमची ती ठिपक्यांची ओळ नसते. खात्रीचा कागद मात्र प्रयोगशाळेचाच. मुंबईत जेम्मॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरला आयआयजीजे-आरएलसी आहे, म्हणजे पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी. खडा सुटा आहे तोवरच करून घ्या, कोंदणात बसवल्यावर पुष्कळ गोष्टी तपासता येत नाहीत. देताना वजन मिलिग्रॅमपर्यंत पावतीवर लिहून घ्या, परत घेताना समोर तोलून घ्या. त्या ठिपक्यांच्या ओळीचा भिंगातून फोटो काढून ठेवा. तशी ओळ दुसऱ्या खड्यात सापडायची नाही, वजनापेक्षाही ती पक्की खूण आहे.

किमतीबद्दल. तुम्ही विकणार नाही, तरी कळायला हवं. तुमचा खडा ०.७३१ ग्रॅम, म्हणजे ३.६५ कॅरेटचा. लाल खड्याची किंमत नुसत्या वजनावर नसते. रंग किती भरलेला, डोळ्यांना दोष दिसतात का, पैलूंमधून उजेड परत येतो की मधोमध खिडकी पडल्यासारखा आरपार जातो, आणि खड्यावर काही प्रक्रिया झाली आहे का, यावर ती कितीतरी पटींनी बदलते. बाजारातलं बहुतेक माणिक तापवलेलं असतं. साधारण २००४ पासून तर भेगांत शिशाची काच भरलेलं माणिकही येतं. ते कॅरेटला काही शे रुपयांत मिळतं आणि लिंबाच्या रसानेसुद्धा खराब होतं. याउलट २०१५ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात न तापवलेलं २५.५९ कॅरेटचं ब्रह्मदेशी माणिक ३ कोटी डॉलरच्या वर गेलं. नाव दोघांचंही माणिकच. लालडी बहुधा कसलीही प्रक्रिया न केलेली मिळते, हा तिचा मोठा गुण. आपल्याकडे सराफाला ती घेण्यात रस नसतो, कारण नवरत्नांत तिची जागा नाही आणि ज्योतिषी तिला माणकाचं उपरत्न म्हणतात. गिऱ्हाईक माणिक मागतं. बाहेरच्या बाजारात चांगल्या लाल लालडीला गेल्या वीस वर्षांत मोठी मागणी आलीय. म्हणून त्या दुसऱ्या दुकानाची घाई लक्षात ठेवा आणि कागद हातात येईपर्यंत कुणाच्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका.

भाचीला सांगायला फार नाही. लालडी ८ कठीणपणाची, माणिक ९ ची, हिरा १० चा. हिऱ्याच्या दागिन्याबरोबर एका डबीत टाकली तर तिला ओरखडे जातात, तेव्हा वेगळ्या मऊ कापडात ठेवावी. नुसत्या खड्याला कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश चालतो. अंगठीत डांक घालून मागून बंद केली तर पाणी अजिबात नाही, कोरड्या कापडाने पुसायची आणि हात धुताना काढून ठेवायची.

कोंदणकर

काका, कागद आला की अंगठी घेऊन माझ्याकडे या. मूळ कोंदण टाकून देऊ नका, कडा अजून जाड आहेत, परत बसतील. चंदेरी डांक मी घालून देतो. तुम्ही समोर बसा, बसवून होईपर्यंत उठू नका.

रंगमास्तर_सोलापूर

परवाच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, खडा घेऊन स्वतःच जातोय. ठिपक्यांच्या ओळीचे फोटो पोराने पिक ग्लासवर मोबाइल टेकवून काढून दिले, चांगले आलेत.

बहिणीला राजमुकुटाचं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ते राहू दे, आजीच्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते परत वाच. वाचून दाखवलं. भाचीही शेजारीच बसली होती. तिने चिठ्ठी मागून घेतली आणि अंगठीच्या डबीत होती तशीच घडी घालून ठेवली. अंगठीबरोबर तीही तिच्याकडेच जाईल.

मागून बंदच करायची ठरवली आहे, आईच्या हातात होती तशी. कोंदणकर, मुंबईहून आलो की येतो.